पाइप कुठून नेला, तिथंच चुकलं



आजची नोंद पिकाची नाही, ट्रॅक्टरच्या एका पाइपाची आहे. सहा-सात फुटाचा पाइप. त्यापायी माझी पेरणी सहा दिवस मागं गेली, दहा-बारा हजाराचा खड्डा पडला आणि घरच्या पोराला मी चारचौघांत नको ते बोललो. बोलणं चारचौघांत झालं, म्हणून ही नोंदही चारचौघांतच लिहितो.

आमचं शिवार औसा तालुक्यातलं. काळी जमीन, सोयाबीन आणि तूर. ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा, सहा वर्षांपूर्वी जुना घेतलेला. चालवतो माझा पुतण्या. थोरला भाऊ गेल्यापासून तो माझ्याकडंच आहे. मी आता ट्रॅक्टरवर फार बसत नाही, कंबर साथ देत नाही. पण दुरुस्तीत हात घालायची खोड गेलेली नाही.

आधी यंत्रातली गोष्ट सांगतो, कारण बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. मलाही अर्धवटच होती. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, मागचा डिफरन्शियल आणि लिफ्टचा हायड्रोलिक या सगळ्यांना मिळून एकच तेल असतं. माझ्या ट्रॅक्टरात पन्नास लिटरच्या आसपास बसतं. ऑइल ब्रेक असले तर त्यांच्या प्लेटाही त्याच तेलात बुडालेल्या असतात. माझ्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंगही त्याच तेलावर चालतं. म्हणजे हे तेल गेलं की गिअर, लिफ्ट, स्टेअरिंग आणि ब्रेक, सगळ्याला एकदम धक्का.

तेल कामावर तापतं. ट्रॉली ओढताना कमी, रोटाव्हेटरवर दिवसभर असलं की जास्त, 80-90 अंशांपर्यंत जातं. तापलेलं तेल पातळ होतं, पातळ तेल दातऱ्यांवर थर धरत नाही. म्हणून ते थंड करायला पुढं रेडिएटरच्या समोर एक छोटी जाळी बसवलेली असते, तिला ऑइल कुलर म्हणतात. मागून गरम तेल एका पाइपानं पुढं जातं, फॅनच्या वाऱ्यावर निवतं आणि दुसऱ्या पाइपानं मागं येतं. कंपनीनं हे दोन्ही पाइप लोखंडी दिलेले, डाव्या अंगानं नेलेले. आमच्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड उजव्या अंगाला. का ते त्यावेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मे महिन्यात पुढं जाणारा पाइप ठिबकायला लागला. बघितलं तर मधल्या क्लॅम्पचा बोल्ट कधीचा पडून गेलेला. पाइप मोकळा हलत राहिला आणि थरथरीनं बारीक चीर गेली. कंपनीच्या पाइपाचा भाव विचारला तर 1,850 रुपये, तोही चार दिवसांनी येणार. मी म्हणलं, लोखंडाच्या एका नळीला एवढे पैसे?

गोठ्यात फवारणीच्या पंपाचा होज पडलेला होता. जाड, आत दोऱ्याची जाळी. माझा हिशेब असा, की हा होज फवारणीत वीस-तीस किलोचा दाब झेलतो आणि कुलरच्या पाइपात तर नुसतं परतीचं तेल वाहतं, दाब नसल्यासारखाच. मग हा तर लोखंडापेक्षा सरस झाला. जुन्या पाइपाची दोन्ही टोकं नटासकट कापून घेतली. होज त्यावर चढेना. घरात जाऊन तपेलंभर पाणी उकळून आणलं, त्यात होजची टोकं बुडवली, मऊ झाल्यावर दाबून चढवली, वर क्लिपा आवळल्या. तपेलं पुतण्यानं धरलं होतं.

मग तो न्यायचा कुठून? डाव्या अंगाला डिझेल फिल्टर, वायर, जुने कंस, हात जाईना. उजवीकडून सरळ वाट होती आणि होजही पुरत होता. तिकडून ओढला आणि बाइंडिंग तारेनं तीन जागी बांधला.

पुतण्या म्हणाला, "काका, इकडून सायलेन्सर जवळ पडायलंय."

मी म्हणलं, "चार बोटं अंतर आहे. मला पाइप टाकायला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून पाइपच टाकतोय मी."

हे खोटं नव्हतं. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत अडीच इंची पाइपलाइन मी आणि भावानं हातानं चर खणून टाकली आहे. दोन फूट खोल, नांगराचा फाळ लागू नये म्हणून. गाडीवाट टाळून बांधाच्या कडेनं, लांबून पडली तरी चालेल म्हणून. उंचवटा आला तिथं हवा धरते म्हणून एअर वॉल्व्ह. तेवीस वर्षं झाली, एकदाच फुटली, तीही दुसऱ्याच्या जेसीबीनं. जमिनीत पाइप टाकताना तो कुठून कुठं जातो यापेक्षा वाटेत त्याला काय काय लागणार, हे मी आधी बघतो. आणि तोच मी ट्रॅक्टरवर पाइप टाकताना दोन टोकं जोडली आणि हात धुऊन मोकळा झालो.

मे महिना निघून गेला. चार-दोन ट्रॉल्या खताच्या झाल्या, थोडं मोगडणं झालं. होज कोरडा ठणठणीत. मी रोज बोनेटखाली वाकून बघायचो आणि मनात म्हणायचो, अठराशे पन्नास वाचले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस चांगला झाला. कृषी विभाग सांगतो तसा 75 ते 100 मिलिमीटर पडल्याशिवाय मी सोयाबीन पेरत नाही. तो आकडा पार झाला आणि तिसऱ्या दिवशी वापसा आला. मधल्या तुकड्यात तण उगवलं होतं, म्हणून रोटा मारायचा आणि दुसऱ्या दिवशी पेरणी असं ठरलं. पुतण्या सकाळी सातला लागला. शेजारचे दोघं बांधावर येऊन बसले होते. त्यांच्याही रानात आमचाच ट्रॅक्टर जाणार होता, नंबर कधी लागतो ते विचारायला आलेले.

साडेअकराच्या सुमाराला ट्रॅक्टर तासाच्या मध्येच बंद पडला. बंद पडला नाही, त्यानं बंद केला, पण ते मला नंतर कळलं. बोनेटमधून निळसर धूर निघत होता. पळत गेलो. मागं वीस-पंचवीस पावलं माती काळी चकचकीत झालेली, तेलाचा वास. होज सायलेन्सरच्या वळणाजवळ फुग्यासारखा फुगून फाटलेला. तेलाचे शिंतोडे मॅनिफोल्डवर उडून जळत होते. जाळ झाला नाही हे नशीब.

पुतण्या म्हणाला, "स्टेअरिंग एकदम जड झालं, म्हणून लगेच बंद केला."

मी ऐकून घेतलं नाही. पन्नास लिटर तेल, वापसा, बांधावर बसलेले दोघं, सगळं एकदम डोक्यात शिरलं. म्हणलं, "दगडावर घातलास ना? ध्यान कुठं होतं? मोबाइलात असंल. बापाच्या मागं घर चालवायला निघालास आणि एक ट्रॅक्टर नीट चालवता येईना."

बापाचं नाव काढायला नको होतं. त्यानं एकदा होजकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि फडक्यानं हात पुसत घराकडं गेला. जेवला नाही. "तपेलं मीच धरलं होतं" एवढं एक वाक्य तो बोलू शकला असता. बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी औशाहून मिस्त्री आले. माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, पण हाताला गुण आहे. खाली झोपून बघितलं, फाटलेला होज काढला, नखानं दाबून बघितला.

"हा कुणी लावला?"

मी काही बोलायच्या आत पुतण्या म्हणाला, "आम्हीच लावला, मिस्त्री."

आम्हीच. मग मात्र मला गप्प बसवेना. म्हणलं, "आम्ही नाही, मी लावला. हा नको म्हणत होता."

मिस्त्री हसले. "मामा, फवारणीचा होज नळीवर चढवला कसा? चढत नाही तो."

"गरम पाण्यात घालून, मऊ करून."

"मग त्याच्या आतून काय जाणार होतं? गार पाणी?"

खरं सांगतो मंडळी, तेव्हा डोक्यात उजेड पडला. हा होज पीव्हीसीचा. पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप शेकोटीवर मऊ करून त्याला सॉकेट पाडणारा मी. हा होज उकळत्या पाण्यात मऊ होतो हे स्वतःच्या हातानं बघितलेला मी. आणि त्यातूनच मी 80-90 अंशांचं तेल सोडलं, तेही तापलेल्या सायलेन्सरच्या शेजारून. मे महिन्यात टिकला कारण हलक्या कामात तेल तेवढं तापलंच नाही. रोट्यावर चार तासांत तापलं, होज लोंबला, चार बोटांचं अंतर संपलं आणि सायलेन्सरला चिकटला.

मिस्त्रींनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त लागली. स्टेअरिंगचा पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर तेल फेकतो. परतीची वाट फुटली की ते सगळं तेल जमिनीवर. दीड-दोन मिनिटांत तेल पंपाच्या जाळीखाली जातं आणि स्टेअरिंग जड होतं. ट्रॅक्टरकडून मिळणारी तेवढीच खूण. "पोरानं तिथंच बंद केला म्हणून गिअर बॉक्स वाचला. तास पुरा करायला गेला असता तर मी आज पाइप नाही, बेअरिंग मोजत बसलो असतो."

खालचा प्लग काढला. लोहचुंबकाला बारीक काळी भुकटी होती, नेहमीची. लोखंडाचे कण नाहीत. जाळी धुतली, फिल्टर बदलला. तेलाच्या 20 लिटरच्या दोन बादल्या लागल्या. कंपनीचाच पाइप मागवला, चार दिवस वाट बघितली. तोवर परत पाऊस आला आणि वापसा गेला. पेरणी सहा दिवस लांबली. शेजाऱ्यांनी दुसरा ट्रॅक्टर सांगितला, त्यांचंही बरोबरच.

पाइप बसवताना मिस्त्रींजवळ बसून जे शिकलो ते लिहून ठेवतो. तुमच्या कामाला येईल.

एक. जुना पाइप खोलायच्या आधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. कुठला पाइप कुलरच्या कुठल्या तोंडाला, ते रंगानं खूण करा. कंपनीनं वाट दिलेली असते ती विचार करून. आपल्याला ती लांबची वाटली तरी तीच धरा.

दोन. मॅनिफोल्ड, सायलेन्सर, फॅन, बेल्ट, क्लचची दांडी, या कशाच्याही जवळून पाइप नेऊ नका. इंजिन बंद असताना दिसतं ते अंतर खरं नसतं. गरम झाल्यावर, थरथरताना, लोंबल्यावर किती उरेल ते धरा.

तीन. क्लॅम्पला रबर पाहिजे. लोखंडावर लोखंड घासलं तर थरथरीनं पाइप कापतो. बाइंडिंग तार तर करवतच. साधारण फूट-दीड फुटावर एक क्लॅम्प. बोल्ट पडला तर त्याच दिवशी लावा. माझी सगळी कथा त्या एका पडलेल्या बोल्टापासून सुरू झाली.

चार. रबरी होज लावायचाच झाला तर गरम तेलाचाच घ्या, आतलं भोक मूळ पाइपापेक्षा लहान नको. पाण्याचा, फवारणीचा, रेडिएटरचा होज चालत नाही. रेडिएटरचा होज गरम पाणी झेलतो, पण त्याचं रबर तेलानं फुगतं.

पाच. होज ताणून बसवू नका. दाब आला की होज थोडा आखडतो, म्हणून लांबीत सैलपणा ठेवा. जोडाच्या तोंडाशीच वळवू नका, थोडा सरळ जाऊ द्या, मग वळवा. लिफ्टच्या दाबाचा अर्ध्या इंची होज असेल तर वळणाची त्रिज्या सात इंचाच्या आसपास लागते. होजवर लांबीनं छापील रेघ असते. बसवल्यावर ती रेघ पिळलेली दिसली तर होजला पीळ बसलाय. खोलून परत बसवा.

सहा. गळती हातानं चाचपू नका. मी लिफ्टच्या पाइपावर बोट फिरवायला गेलो तर मिस्त्रींनी मनगट धरलं. त्या बाजूला दीडशे-दोनशे किलोचा दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडीच्या आत शिरतं. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण आतून हात सडतो. तसं झालं तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. गळती बघायची तर पुठ्ठा धरून बघा.

सात. नवीन पाइप लावून तेल भरलं की इंजिन हळू चालवा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना चार वेळा फिरवा, बंद करा आणि पट्टीवर तेल परत बघा. पाइप आणि कुलर भरायला तेल जातं, पातळी खाली येते. ते न बघता रानात जाऊ नका.

हे फक्त ट्रॅक्टरचं नाही. पुण्याला भाच्याची ऑटोमॅटिक गिअरची कार आहे, त्याला फोनवर ही कथा सांगितली. मिस्त्री शेजारीच होते, ते म्हणाले त्यांना सांगा, तुमच्या गाडीतही हेच आहे. अशा बऱ्याच गाड्यांत गिअर बॉक्सचं तेल दोन पाइपांनी पुढं कुलरला जातं. कारचं इंजिन रबराच्या पायांवर डुलतं आणि रेडिएटर मात्र चेसिसला पक्का. म्हणून मध्ये रबरी तुकडा ठेवतात. सगळा पाइप लोखंडी केला तर जोडाशी तुटतो. काही गाड्यांत कुलर रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो. तो आतून फुटला तर तेल आणि पाणी एक होतं आणि दुधाच्या चहासारखा गाळ दिसतो. असं दिसलं तर गाडी पुढं न्यायची नाही, जागेवर उभी करायची. पाण्यानं गिअर बॉक्सच्या आतल्या क्लचप्लेटा खराब होतात.

आता शेवटचं.

सांडलेल्या तेलाची माती आम्ही खोऱ्यानं काढून रस्त्याकडंच्या खड्ड्यात भरली, विहिरीपासून लांब. मी आणि पुतण्या दोघांनी मिळून. काढताना मी त्याला म्हणलं, "त्या दिवशी मी बापाचं नाव काढलं, ते चुकलं माझं." तो म्हणाला, "काका, खोरं द्या इकडं, तुमची कंबर दुखंल." एवढंच झालं बोलणं.

पण ते दोघांत झालं. बांधावर जे दोघं बसले होते त्यांनी माझं पहिलं बोलणं ऐकलं, हे ऐकलं नाही. गावात त्यानंतर आठ दिवस "अमक्याच्या पुतण्यानं ट्रॅक्टरची वाट लावली" असंच फिरत होतं. ते दोघं ही नोंद वाचतात, मला माहीत आहे. तर त्यांना आणि सगळ्यांना सांगतो : पाइप मी लावला होता. पोरानं मे महिन्यातच नको म्हणून सांगितलं होतं. आणि त्यानंच वेळेवर बंद करून ट्रॅक्टर वाचवला.

काल सोयाबीनला बावीस दिवस झाले. बाकी रान हिरवं आहे. मधल्या तुकड्यात वीस-पंचवीस पावलांचा एक पट्टा आहे, तिथं माती काढूनही बी नीट उगवलं नाही. जे आलं ते पिवळं आहे. पुतण्या म्हणतो तिथं तूर टोबू, मी म्हणलं यंदा राहू दे तसंच. तिथलं पीक परत कसं आणायचं, शेणखत किती घालायचं, किती वर्षं लागतील, हे कुणा जाणकाराला माहीत असंल तर जरूर सांगा.